नोंद नसलेला विवाह : कुलेतिहासाच्या साधनांचा एक विचार

कुलेतिहासाची साधने गोळा करणाऱ्या अभ्यासकास एक अनुभव हमखास येतो. पूर्वजाच्या जन्माचा मागमूस कोठेतरी लागतो. मृत्यूची तिथी श्राद्धाच्या निमित्ताने घरात जपलेली असते. जमिनीच्या वाटणीचे कागद तर पिढ्यान्‌पिढ्या रुमालात बांधून ठेवलेले असतात. परंतु त्याच पूर्वजाचा विवाह कोणत्या साली, कोठे व कोणाच्या कन्येशी झाला हे सांगणारा कागद मात्र सापडत नाही. पुण्यात अशा वेळी तीन उत्तरे तयार असतात. शनिवारवाडा १८२८ साली जळाला तेव्हा गेले; गावाकडील वाडा १९४८ च्या जाळपोळीत पेटला तेव्हा गेले; किंवा १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले त्या पुरात नदीकाठच्या पेठांतून वाहून गेले. या तिन्ही आपत्तींत अमोल कागद नष्ट झाले हे खरेच आहे. तथापि जी गोष्ट मुळात लिहिलीच गेली नव्हती तिच्या नाशाचा दोष आगीला किंवा पाण्याला देता येत नाही. आपल्याकडील बहुसंख्य विवाहांची नोंद हरवलेली नसून ती कोणी केलेलीच नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एकदा ते मान्य केले की शोधाची दिशाच बदलते. विवाहाचा दाखला शोधण्याऐवजी विवाहामुळे भाषेत, हिशेबात व घरच्या आचारात जे फरक पडले त्यांचा शोध घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या शोधाचा विचार केला असून, शेवटी पुण्याच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त विवाहास, म्हणजे बाजीराव व मस्तानी यांच्या संबंधास, तीच कसोटी लावून पाहिली आहे.

नोंद का नव्हती, याचे कारण गूढ नाही. हिंदू विवाह हा संस्कार. तो सप्तपदीने पुरा होतो, सहीने नव्हे. ग्रामजोशी हा बलुतेदार होता, त्याचा हक्क वतनी होता, त्या हक्कासाठी त्याने तंटे केले, महजर करवून घेतले. पण आपण कोणाचे लग्न लावले याची वही ठेवण्याचे त्याला कारण नव्हते. उलट ज्या समाजांत विवाह हा करार मानला गेला किंवा जेथे धर्मसंस्थेनेच नोंदीचा आग्रह धरला तेथे कागद आहे. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम लिहावी लागते. गोव्यातील चर्चच्या वह्यांत विवाहांची स्वतंत्र पाने असतात, आणि पोर्तुगीज अमलात पुढे नागरी नोंदणीही आवश्यक झाली. पारशी समाजासाठी १८६५ साली आणि ख्रिस्ती समाजासाठी १८७२ साली कायदे होऊन नोंदणी रूढ झाली. हिंदूंच्या बाबतीत मात्र १८५७ नंतरचे सरकार धर्माचारात हात घालण्यास बिचकत होते. जन्म आणि मृत्यू यांची मोजदाद साथींच्या भयाने आवश्यक वाटली. म्हणून गावच्या दफ्तरात कोतवालाचे पुस्तक, म्हणजेच गाव नमुना नंबर १४, आले. त्यात कोण जन्मला, कोण वारला, त्याची जात कोणती हे सापडते. विवाहासाठी त्यात रकानाच नाही.

१८७२ च्या तिसऱ्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय झाली खरी, परंतु ती आपण कोणत्याही प्रस्थापित धर्माचे नाही असे जाहीर करणाऱ्यांसाठी. त्यामुळे एक विलक्षण परिणाम झाला. पंडिता रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी याच कायद्यान्वये बांकीपूर येथे विवाह केला. ज्या विवाहास सनातनी समाज विवाह म्हणावयास तयार नव्हता त्याची सरकारी नोंद आहे, आणि त्याच साली पुण्यात थाटामाटाने लागलेल्या शेकडो लग्नांची ती नाही. पुढे मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ साली आला, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नोंदणीची तरतूद झाली, महाराष्ट्राचा सध्याचा कायदा १९९८ चा आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. म्हणजे आज ज्यांच्या पणजोबांची पिढी एकोणिसाव्या शतकातील आहे त्यांना या कायद्यांचा काडीचाही उपयोग नाही.

मग पाहावयाचे कोठे? प्रथम हिशेबात. मराठी राज्यात गावावर जे किरकोळ बाबींचे कर होते त्यांत 'लग्नटका' हा लग्नावरचा आणि 'पाटदाम' हा विधवेच्या पुनर्विवाहावरचा. जमाबंदीच्या कागदांत या बाबींखाली बहुधा एकत्रित रक्कम असते. जेथे तपशिलाचा झाडा टिकला आहे तेथेच नाव मिळण्याची आशा. परंतु या दोन शब्दांचे वेगळेपण अभ्यासकाने विसरता कामा नये. सरकारच्या लेखी 'लग्न' एकदाच. त्यानंतरचा तो 'पाट', कोठे 'मोहतूर'. मोहतूर या शब्दाचे मुहूर्ताशी उघड नाते आहे. तेव्हा तोही विधी होता, त्यालाही वेळ पाहिली जात होती, त्याची संतती औरस होती. तरीसुद्धा घराण्याचा वृत्तांत लिहिताना पुढच्या पिढ्यांनी 'पाट' हा शब्द गाळून सरसकट 'विवाह' लिहिला, किंवा ती स्त्रीच गाळली. अर्थात पणजीचे लग्न सापडत नाही असे म्हणणाऱ्या अनेक घरांत ते लग्नाच्या बाबीखाली सापडणारच नाही, पाटदामाच्या बाबीखाली सापडेल. हे मान्य करण्याची मनाची तयारी पाहिजे, हा वेगळा मुद्दा.

दरबारी विवाहांचे कागद पुष्कळ आहेत; पण तेही विवाहाचे नव्हेत, खर्चाचे व बंदोबस्ताचे आहेत. सवाई माधवरावांचे थत्त्यांच्या कन्येशी, म्हणजे रमाबाईंशी, १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्यात झालेले लग्न हे उत्तर पेशवाईतील सर्वांत गाजलेले लग्न. त्याच्या व्यवस्थेची नाना फडणिसांच्या देखरेखीखाली झालेली यादी प्रसिद्ध आहे. कोणी कोठे बसावे, कोणाचा मान कसा राखावा, काय वाढावे, कोणत्या कामावर कोण, याचा तीत तपशीलवार विचार आहे. तरी या विवाहाचा पुरावा म्हणून आपण जे पुढे करतो तो वस्तुतः व्यवस्थेचा पुरावा होय. लग्न झाले हे सर्वांनी गृहीत धरले आहे. लिहून ठेवण्याजोगे काय, तर आलेला-गेलेला पैसा आणि दिला-घेतलेला मान. सामान्य घरांतही हीच रीत. आहेराची यादी मिळते, सोनाराचा हिशेब मिळतो, सावकाराकडून 'लग्नकार्यानिमित्त' घेतलेल्या कर्जाचे खत तर फार वेळा मिळते. कर्जखतावर तारीख असते, मुदत असते, साक्षी असतात. सावकारास ती हवीच होती. विवाहाची तारीख ठरविण्यास त्या खतासारखे साधन नाही, असे माझे मत झाले आहे.

तारखेचा प्रश्न निघालाच आहे, तेव्हा त्याविषयी थोडे. 'लग्न' हा शब्द मुळात ज्योतिषातला. पूर्व क्षितिजावर उदय पावणारी रास ती लग्न. विवाहातील जी एकमेव गोष्ट लिहून काढली जात असे ती हीच, म्हणजे घटकापळांसह मुहूर्त. त्यामुळे निमंत्रणाच्या पत्रात तिथी असते, वार असतो, घटिका असते. शक मात्र पुष्कळदा नसतो. ज्याला पत्र गेले त्याला चालू साल ठाऊकच होते. आपल्या सुदैवाने तिथी आणि वार यांची जोडी दरवर्षी जुळत नाही. जंत्री घेऊन बसले असता वीस-पंचवीस वर्षांच्या टप्प्यातील चार-दोन वर्षेच शिल्लक राहतात, आणि बाकीचे काम इतर पुरावा करतो. जेथे साल दिलेले आहे तेथेही सावध राहावे. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढण्याची सवय लग्नाच्या बाबतीत नेमकी फसते. कारण माघ-फाल्गुन हे लग्नसराईचे महिने शकवर्षाच्या अखेरीस येतात व इसवी सन तोपर्यंत पालटलेला असतो; तेथे एकोणऐंशी मिळवावे लागतात. सुहूर सनाचेही तसेच. 'अर्बैन मया व अलफ' म्हणजे ११४०. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावयाचे. लग्ने बहुतेक या दुसऱ्या भागातलीच. छापील कुलवृत्तांतांत आई-वडिलांचे लग्न आणि थोरल्या मुलाचा जन्म यांत जी चमत्कारिक अंतरे दिसतात त्यांतील काही तरी या एका वर्षाच्या घोटाळ्यातून निर्माण झाली आहेत.

याहून मोठी अडचण नावाची. वराचे नाव जन्मभर तेच राहते. वधूचे मात्र लग्नाच्या दिवशी तांदळात लिहून बदलले जाई. माहेरच्या कागदांत शोधावयाचे एक नाव, सासरच्या कागदांत दुसरे, आणि दोहोंना जोडणारा कागद नाही. पुण्याशी संबंध असलेल्या प्रसिद्ध स्त्रियांची उदाहरणे घेतली तरी गोष्ट स्पष्ट होईल. १८७३ साली माधवराव रानड्यांच्या घरी आलेली कुर्लेकरांची यमुना ही रमाबाई झाली. दुसऱ्याच वर्षी गोपाळराव जोशांशी विवाहबद्ध झालेली, पुण्यात जन्मलेली यमुना ही आनंदीबाई झाली. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई याही आनंदीबाई झाल्या. दोन यमुना नाहीशा झाल्या आणि दोन आनंदीबाई निर्माण झाल्या! या तिघींची पूर्वनावे आपणांस ठाऊक आहेत ती त्यांच्या आठवणी व चरित्रे छापली गेली म्हणून. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही त्यांची वंशावळीतील लक्ष्मी, रमा, पार्वती ही नावे सासरने दिलेली आहेत. त्यांवरून माहेर शोधू पाहणे म्हणजे चुकीच्या नावाने हाक मारीत फिरणे होय. शिवाय आवडीची नावे त्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. थोरल्या माधवरावांची पत्नी रमाबाई आणि सवाई माधवरावांचीही रमाबाई. केवळ 'रमाबाई' एवढा उल्लेख असलेला बेसाली कागद कोणाचा, हे ठरविणे सोपे नसते.

येथे भाषेचा अभ्यासक इतिहासकाराच्या थोडा उपयोगी पडू शकतो. मराठी पत्रलेखनात व्यक्तीच्या नावाआधी येणारा मायना हा केवळ शिष्टाचार नव्हे. ती त्या व्यक्तीच्या स्थितीची नोंदच आहे. उपवर मुलगी लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.', म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. लग्न लागले की 'कांक्षिणी' गळून ती 'सौभाग्यवती' होते. वडीलधाऱ्या सुवासिनीस 'वज्रचूडेमंडित'. पती निवर्तल्यावर 'गंगाभागीरथी'. म्हणजे एकाच स्त्रीविषयीची सालवार पत्रे समोर ठेवली तर तिचा विवाह कोणत्या पत्रानंतर व कोणत्या पत्रापूर्वी झाला, तिला वैधव्य केव्हा आले, हे मायन्याच्या बदलावरून कळते. दाखल्याइतके ते नेमके नाही. परंतु दाखल्यात नसलेली एक गोष्ट त्यात आहे. दाखला फक्त लग्न झाले एवढेच सांगतो. मायना हे सांगतो की लिहिणाऱ्याने ते लग्न मानले.

सरकारी कायद्यालाही हे तत्त्व परके नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील पन्नासाव्या कलमाचे पहिलेच उदाहरण असे आहे की, दोन व्यक्तींचा विवाह झाला होता काय हा प्रश्न असता, त्यांचे स्नेही त्यांना नेहमी पतिपत्नी म्हणून वागवीत होते ही गोष्ट प्रस्तुत ठरते. घटस्फोटाच्या किंवा द्विभार्येच्या खटल्यात तेवढ्याने भागणार नाही, असे बंधन त्यालाच जोडलेले आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. ज्या देशात विवाहाचे कागद नव्हते तेथे न्यायालयाला दुसरा मार्गही नव्हता.

मायन्याची पत्रे सर्व घरांत नसतात. परंतु आणखी एक साधन अगदी साध्या घरातही आढळते, आणि त्याकडे आमच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भाद्रपदात महालयाच्या वेळी ज्यांना तर्पण करावयाचे त्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. पिता, पितामह, प्रपितामह, माता, पितामही, प्रपितामही, सापत्न माता, मग मातामहाच्या तीन पिढ्या, पुढे चुलते, मामा, आत्या, मावश्या, बहिणी आणि श्वशुर. एवढी नावे लक्षात राहणे कठीण, म्हणून गृहस्थ ती वहीत किंवा पंचांगाच्या कोऱ्या पानावर उतरून ठेवी. धर्माच्या दृष्टीने ही यादी मृतांची. कुलेतिहासाच्या दृष्टीने ती विवाहांची यादी आहे. 'श्वशुर' या शब्दापुढे जे नाव व गोत्र आहे ते पत्नीचे माहेर. 'मातामह' यापुढे जे आहे ते आईचे. 'सापत्न माता' हा शब्द आला की वडिलांचा दुसरा विवाह निश्चित, मग घरात त्याविषयी कोणी काही बोलो अथवा न बोलो. बाप आणि मुलगा यांच्या दोन याद्या मिळाल्या तर एकाचा श्वशुर हाच दुसऱ्याचा मातामह असला पाहिजे. नसेल तर मुलगा पहिल्या पत्नीचा की दुसरीचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मी पाहिलेल्या अशा वह्यांत नावांच्या कडेला पुष्कळदा गावही लिहिलेले असते. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचा उपयोग आता सर्वांस ठाऊक आहे. त्या यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असल्याने मोलाच्या आहेत. मात्र त्यांत मुख्य धागा पुरुषांचा. सासऱ्याचे नाव मिळण्याची शक्यता घरच्या तर्पणाच्या यादीत अधिक. दुर्दैवाने वाडा पाडून इमारत उभी राहताना मालकीहक्काची खते बँकेच्या कपाटात जातात व ही वही रद्दीत जाते.

आता मस्तानीकडे वळू. तिचा विवाह हा काही केवळ कुतूहलाचा विषय नव्हता. तिच्या पुत्राचा वंश, बांद्याचे नबाब, हा एक राजकुल म्हणून नांदला; समशेर बहादूर १७६१ साली पानिपतानंतर वारला, त्याचा पुत्र अली बहादूर याने बुंदेलखंडात राज्य उभारले व तो १८०२ साली निवर्तला, आणि त्याच वंशातील दुसरा अली बहादूर १८५७ च्या उठावात सामील होऊन राज्यास मुकला. या कुळाच्या दृष्टीने मूळ पूर्वजेचा विवाह झाला होता की नव्हता, हा प्रश्न आपण पेशव्यांचे वंशज की पेशव्यांच्या कृपेतले, असा होता.

प्रसिद्ध झालेल्या कागदांत या विवाहाची नोंद नाही. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून १९३० नंतर पंचेचाळीस खंड निवडून काढले. त्यांतील नववा खंड बाजीराव व त्यांचे कुटुंब यांविषयीच आहे. तेथेही ती नाही. पूर्वीच्या काही लेखकांनी यावरून लग्न झालेच नाही असा निष्कर्ष काढला, तर दुसऱ्यांनी छत्रसालाने १७२९ च्या मदतीबद्दल कृतज्ञतेने कन्या दिली या बुंदेली परंपरेवर विसंबून लग्न गृहीत धरले. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या कागदाची वाट पाहत होते. मुळात कोणता कागद शोधावयाचा? ती मुसलमान मातेची कन्या, म्हणून निकाह झाला असे मानले तर निकाहनामा हवा. बुंदेल्यांच्या राजघराण्यातून पाठवणी झाली असे मानले तर हिंदू रीतीने काही विधी झाला असणार, आणि त्याचा कागद, वर दाखविल्याप्रमाणे, होतच नसे. नोंद नसणे ही गोष्ट दुसऱ्या पक्षाच्या विरुद्ध काहीच सिद्ध करीत नाही. तिचा पहिला विश्वसनीय उल्लेख, सरदेसायांच्या मते, १७३० च्या जानेवारीतला आहे आणि तो नानासाहेबांच्या लग्नप्रसंगीचा आहे. म्हणजे मस्तानी प्रथम कागदावर येते ती दुसऱ्याच्या लग्नाच्या निमित्ताने!

नोंदीचा नाद सोडून आता वर्तन पाहू. बाजीरावाकडून तिला शनिवारवाड्यात निवास मिळाला. वाड्याच्या उत्तरेकडील दरवाजास तिचे नाव पडले व पुढे तोच अली बहादूर दरवाजा म्हणविला गेला. कोथरूडलाही तिच्यासाठी वास्तू होती. तिचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. पाबळ तिला इनाम होते आणि तिची कबरही तेथेच आहे. १७३९-४० मध्ये पुण्यात तिच्यावर पहारे बसले तेव्हा साताऱ्याचा, म्हणजे शाहू महाराजांचा, कल तिला बळाने दूर न करण्याकडे असल्याचे पत्रव्यवहारावरून दिसते. कलम पन्नासच्या भाषेत बोलावयाचे तर पतीने पत्नी म्हणून वागविले आणि धन्याने ते समजून घेतले. घरच्यांनी तसे वागविले नाही. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे वारला व पाठोपाठ तीही गेली. तेव्हा प्रश्न निकालात निघाला असे पुण्यातील मंडळींना वाटले असल्यास नवल नाही.

भाषेची साक्ष घरच्यांच्याच बाजूची आहे. त्या काळच्या कौटुंबिक पत्रांत राधाबाई 'मातुश्री' आहेत, बाजीराव 'राऊ' आहेत. घरातील स्त्रियांचा उल्लेख नात्याच्या शब्दाने किंवा निदान 'बाई' लावून होतो. मस्तानीचा उल्लेख 'मस्तानी' एवढाच. नाव फारसी वळणाचे म्हणून 'बाई' लागला नाही, असे म्हणता येणार नाही. अमीनाबाई, फातमाबाई अशी नावे मराठीत सर्रास होतात. तिला मानहीन म्हणावयाचे असते तर 'नाटकशाळा' हा शब्द दरबारी मराठीत तयार होता, 'कुणबीण' होता, 'बटीक' होता. बखरीत आणि लोकप्रवादात तिला पुढे काहीही म्हटले गेले असो, घरच्या पत्रांतील मौन वेगळ्या प्रकारचे आहे. पत्नीचा शब्द द्यावयाचा नव्हता आणि दुसरा शब्द वापरणे राऊंच्या हयातीत शक्य नव्हते. राहिले ते नुसते नाव. एखादा संबंध मराठीतल्या कोणत्याच नात्याच्या शब्दात बसवावयाचा नाही असे ठरविले म्हणजे पत्रलेखकापाशी विशेषनामाखेरीज काही उरत नाही. दफ्तर ज्यांच्या हाती होते त्यांनी विवाह नाकारला याचा हा पुरावा होय. विवाह झाला नव्हता याचा नव्हे. या दोन वाक्यांत किती अंतर आहे हे बांद्याच्या वंशजांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते.

पुत्राच्या नावातही हीच ओढाताण दिसते. परंपरा सांगते की त्याचे एक नाव कृष्णराव होते आणि बाजीरावाची इच्छा त्याची मुंज व्हावी अशी होती. इतिहासात तो समशेर बहादूर म्हणूनच राहिला. नानासाहेबांच्या कारकिर्दीत तो पेशव्यांच्या कुटुंबात वाढला, मोहिमांवर गेला, पानिपतावर लढून जखमी झाला. मराठीत दासीपुत्रासाठी 'लेकावळा' हा शब्द होता. तो शब्द ज्याला लागतो त्याला जहागीर क्वचितच मिळते, आणि सदाशिवरावभाऊंच्या बरोबरीने सेना घेऊन उत्तरेत जाणे तर त्याहून दुर्मीळ. आईला नाकारलेले नाते मुलाला वागणुकीत दिले गेले, शब्दात मात्र नाही.

अशा प्रसंगी मोठी घराणी निदान पत्रे सोडून जातात. लहान घराण्यांच्या बाबतीत इनाम कमिशनचे कागद हाती घ्यावेत. १८५२ च्या कायद्यानंतर प्रत्येक इनामदाराला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियत व वंशावळ द्यावी लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारात त्यांचे ढीग आहेत. वंशावळी पुरुषांच्या आहेत, हे उघड आहे. स्त्री त्यांत येते ती दत्तकाच्या निमित्ताने: अमक्याची विधवा हिने अमुक साली दत्तक घेतला. मग प्रतिपक्षाने ती त्याची लग्नाची बायको नव्हतीच, असा आक्षेप घेतला असेल तर अभ्यासकाचे भाग्य उघडले म्हणावयाचे; कारण आता जोशाची, वऱ्हाडाला गेलेल्या शेजाऱ्याची, मंडप घालणाऱ्या माणसाची जबानी होते, आणि जे निर्विवाद असताना कोणी लिहिले नसते ते वादामुळे तपशीलवार लिहिले जाते. विवाहाची नोंद हवी असेल तर त्या विवाहावर कोणी तरी संशय घेतलेला असावा लागतो.

२०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, आणि तहसीलच्या दफ्तरांतून, शाळांच्या जनरल रजिस्टरांतून, कोतवालाच्या पुस्तकांतून मोडी कागद पुन्हा उलगडले जाऊ लागले. या शोधात विचारला जातो तो प्रश्न बापाच्या बापाचा. आईच्या बापाचे नाव त्या कामी लागत नाही, म्हणून वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. मोडी वाचणारे आमचे विद्यार्थी या कामावर जात असतील तर त्यांनी समोर आलेल्या पानावरील 'पाट', 'मोहतूर', 'श्वशुर', 'सौभाग्यवती' हे शब्दही टिपून घ्यावेत. तेच पान पुन्हा कोणी उघडील याचा भरवसा नाही.